कोयनाकाठच्या शिबिराची झडती

मुलींच्या उन्हाळी शिबिराला मी गेले ती मदत करायला नाही. तिथं काहीतरी काळंबेरं आहे आणि ते आपण शोधून काढायचं, असं मनाशी ठरवून गेले. आता परत आल्यावर आमच्या कवठे महांकाळच्या बायका गिरणीत, दवाखान्यात, स्टँडवर मला अडवतात आणि विचारतात, कसं होतं, पुढच्या वर्षी आमची पोरगी पाठवू का? उभ्या उभ्या सांगण्यासारखं ते नाही. म्हणून लिहून काढते आहे, माझ्या चुकांसकट.

सांगलीच्या एका मुलींच्या वसतिगृहात मी जन्मभर रेक्टर होते. मुलगी हसली तर का हसली आणि गप्प बसली तर का गप्प बसली, हे बघणं माझं कामच होतं. ट्रंका उघडायच्या, उशा चाचपायच्या, आलेली पत्रं उजेडाला धरून बघायची. निवृत्त झाले तेव्हा नोकरी सुटली, सवय सुटली नाही.

माझा धाकटा भाऊ सुकुमार, मी आता त्याच्याकडंच राहते. त्याची मुलगी समृद्धी. यंदा नववीत गेली. पोरगी हुशार, पण चारचौघांत तोंडातून शब्द फुटत नाही. पाहुण्यांनी नाव विचारलं तरी तिच्याआधी आम्हीच कुणीतरी सांगून टाकतो. शाळेतून ती या शिबिराचं पत्रक घेऊन आली. कोयनानगरच्या पुढं, धरणाच्या पाठीमागच्या पाण्याकाठी, आठ दिवस, फक्त मुली. खाली दोन अटी होत्या. मोबाईल आणायचा नाही आणि मधल्या दिवसांत पालकांनी भेटायला यायचं नाही. ज्याला काही लपवायचं नसतं तो असल्या अटी घालत नाही, असं मी सुकुमारला म्हटलं. पण समृद्धीनं दोन दिवस जेवण सोडलं. शेवटी सुकुमार म्हणाला, आक्का बरोबर जाणार असेल तर पाठवतो.

पाटणच्या पुढं

आमच्याकडं मे महिन्यात जमीन भाकरीसारखी करपलेली असते. बेदाण्याच्या शेडवर घातलेल्या जाळ्या, बाभळी, टँकरच्या चाकांनी उडालेला फुफाटा, एवढंच बघत आम्ही निघालो. मिरजेला शिबिराला निघालेली आणखी एक मुलगी आमच्या एसटीत चढली. निलोफर तिचं नाव. तिचे वडील सतारी करतात. ते खिडकीशी येऊन मला म्हणाले, "बाई, तुमी हाय म्हणल्यावर काळजी न्हाई." मी मान हलवली, पण पोरीकडं नीट बघून घेतलं. ती कुणाशी बोलत नव्हती, नुसती बघत होती. आपल्याकडं बघणारी मुलगी मला कधीच आवडलेली नाही. आणि खरं लिहायचं ठरवलंय म्हणून लिहिते, ती आमच्यातली नव्हती, हेही त्यात होतं.

कराडपर्यंत उसाची हिरवाई डोळ्याला निववत होती. पाटण सोडलं तसे डोंगर रस्त्याला येऊन भिडले. वळणावळणाला करवंदांच्या जाळ्या, खाली दरीत नदीचं पात्र. समृद्धीला दोनदा उलटी झाली. निलोफरनं न सांगता आपल्या ओढणीला पाणी लावून तिचं तोंड पुसलं. कोयनानगरला शिबिराची जीप उभी होती. त्यानंतर अर्धा तास नुसती झाडी, आणि मग एकदम समोर पाणी आलं. एवढं पाणी आमच्या तालुक्यानं एका जागी कधी पाहिलेलं नाही. समृद्धी जीपमध्ये उभीच राहिली. मी तिला हात धरून खाली बसवलं. आमच्या घरात कुणालाच पोहता येत नाही.

शिबिर म्हणजे एक लांबलचक पत्र्याची इमारत, शेजारी स्वयंपाकघर आणि उताराच्या खाली, पाण्याजवळ, एकटी उभी असलेली एक शेड. मुली अठरा. चालवणाऱ्या उज्ज्वलाताई साताऱ्याच्या. वय चाळिशीचं, केस बारीक कापलेले, हसणं बेताचं. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की तुम्ही इथं पालक म्हणून राहायचं नाही, स्वयंपाकघरात मदतनीस म्हणून राहायचं, आणि फोन जमा करायचा. मी फोन दिला. दुसरा, बटणांचा, मेतकुटाच्या डब्यात होता, तो दिला नाही.

मदतनीस

स्वयंपाकघरात सुंदराबाई होत्या, तिथल्याच वाडीतल्या. पहिल्याच संध्याकाळी मी त्यांना सांगितलं की आम्ही जैन, कांदा-बटाटा खात नाही आणि दिवस मावळायच्या आत जेवतो. आता ही बाई कपाळाला आठी घालणार, असं मला वाटलं होतं. त्यांनी चुलीवरचं एक पातेलं दाखवलं. फणसाच्या कोवळ्या कुयरीची भाजी, कांद्याशिवाय. माझ्या आधीच त्यांना कुणीतरी सांगून ठेवलं होतं. कोण, ते मी विचारलं. "तुमची पोरगी आली हुती की," त्या म्हणाल्या. समृद्धी स्वतःहून परक्या बाईशी बोलायला गेली, हे मला खरं वाटेना.

नाचणीची भाकरी, आमसुलाचं सार, ओंजळभर करवंदं, असं जेवण होतं. ज्वारीवर वाढलेल्या माणसाला नाचणी घशाशी अडते, पण तिसऱ्या दिवशी मी मागून घेतली.

मुलींचं दिवसभर काय चालतं, ते मी खिडकीतून बघत असे. डोळे बांधून एकमेकींच्या आवाजावर चालायचं. दोरानं टेकडी चढायची. आणि दिवसातून पाच-सहा वेळा, अचानक, शिट्टी वाजली की मैदानात येऊन मोजणी द्यायची. तीन-तीन मुलींचा एक गट, आणि प्रत्येकीनं आपल्या दोघी आहेत का ते सांगायचं. हा भूकंपाचा मुलूख, इथं हे अंगवळणी असायला हवं, असं उज्ज्वलाताई म्हणाल्या. त्यांनी मलाही एका गटात यायला सांगितलं. या वयात मला काय मोजायचंय, असं म्हणून मी नाही म्हटलं.

संध्याकाळी सगळ्याजणी गोल बसून दिवसातली एक खरी गोष्ट सांगत. रविवारी समृद्धीची पाळी आली. तिनं बराच वेळ लावला. मग म्हणाली, "मला भीती वाटते असं मी घरी सांगितलं, की सगळे मला समजावतात. काय वाटतं ते कुणी विचारत नाही." उज्ज्वलाताईंनी नुसती मान हलवली. मी खांबाआड बसले होते. माझ्या घरातली गोष्ट सतरा परक्या मुलींत उघडी पडली आणि या बाईनं साधं समजावलंसुद्धा नाही. पोरींना घरापासून तोडायचं असेल तर याच वाटेनं जातात, हे मी पक्कं केलं.

दारावरची ओळ

सोमवारी मला वास आला. समृद्धी दुपारी चहाला आली, तेव्हा तिच्या ओढणीला रॉकेलसारखा, पण त्याहून उग्र वास होता. बोटांच्या पेरांना काळं. विचारलं तर म्हणाली, काही नाही, काम चाललंय. कसलं काम? ती चहाचा कप घेऊन निघून गेली. मग बघितलं तर दुपारच्या विश्रांतीच्या वेळी पाच-सहा मुली रोज उताराच्या शेडकडं जातात आणि तासाभरानं लाल डोळ्यांनी वर येतात. सुंदराबाईंना विचारलं, तर त्यांनी भाकरी थापता थापता मान फिरवली.

वसतिगृहात एकदा रुमालावर काहीबाही ओतून हुंगणाऱ्या दोन मुली मी पकडल्या होत्या. तो वास मी विसरलेले नाही. सगळ्या मुली टेकडीवर गेल्यावर मी झोपायच्या खोलीत गेले आणि समृद्धीची बॅग उघडली. काही सापडलं नाही. मग निलोफरची उघडली. तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत काळ्या डागांची चिंधी होती. नाकाशी नेली. तोच वास.

मी मेतकुटाच्या डब्यातला फोन घेऊन नळापाशी गेले, तिथं जरा रेंज येते. सुकुमारला सांगितलं की पोरीला घेऊन जा, इथं बरं चाललेलं नाही. त्यानं खोदून विचारलं, मी म्हटलं, आल्यावर बोलू. उद्या बेदाण्याची गाडी भरायची आहे, बुधवारी सकाळी निघतो, असं तो म्हणाला. फोन ठेवून वळले तर मागं निलोफर उभी. पाण्याची बाटली भरायला आली होती. ती माझ्याकडं बघून बाजूला झाली.

मंगळवारी दुपारी चारच्या सुमाराला सगळ्या मुली मैदानात होत्या. मी शेडकडं उतरले. दाराला कुलूप नव्हतं, नुसती कडी. पत्र्यावर खडूनं लिहिलं होतं, एकटीनं आत जायचं नाही. मला वाटलं, ही आणखी एक अट. कडी काढून मी आत गेले.

आत ओंडक्यांवर एक होडी पालथी घातलेली होती. जुनी, लाकडी, दोन माणसं आडवी झोपतील एवढी. निम्म्या फळ्यांना डांबर लावलेलं, निम्म्या कोरड्या, फटींमध्ये सुताचे पीळ ठोकून बसवलेले. कोपऱ्यात थिनरचा डबा, ब्रश, हातमोजे. मी त्या होडीवरून हात फिरवला. वास सगळा तिचा होता. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण दुसराच संशय आला. ही होडी पाण्यात जाणार. आणि त्यात कोण बसणार?

तेवढ्यात जमिनीखालून जड ट्रक गेल्यासारखा आवाज आला. पत्रे थडथडले. डबे सरकले. माझ्या पायांना काय होतंय ते कळेपर्यंत बाहेर मोठा धडाड आवाज झाला आणि दार बंद झालं. मग सगळं थांबलं. चार-पाच श्वासांचा तो धक्का असेल. तिथल्या लोकांना त्याचं काही वाटत नाही. मी मात्र होडीला धरून उभी होते. दार ढकललं, हललं नाही. बाहेर भिंतीला टेकवून ठेवलेले बांबू दारावर आडवे पडले होते. थिनरचा डबा कलंडला होता आणि वास डोक्यात चढत होता. हाक मारायला तोंड उघडलं, आवाज निघेना. मला कोण शोधणार? मी कुठं गेले ते कुणाला माहीत होतं?

पुढचं मला नंतर कळलं. मैदानात शिट्टी झाली, मोजणी झाली. अठरा मुली भरल्या. सुंदराबाई आल्या. निलोफर म्हणाली, एक कमी आहे. समृद्धीची आत्या मोजणीत नाही, असं कुणीतरी म्हणालं. "माझ्या मोजणीत आहे," निलोफर म्हणाली, "त्या शेडमध्ये आहेत." मी उतार उतरताना तिनं मला पाहिलं होतं.

पत्र्यापलीकडून मला आवाज आला तो समृद्धीचा. "आत्या, मी आले. दार ढकलू नको. दाराकडच्या भिंतीपासून लांब हो. होडीच्या पलीकडं, जाळीच्या खिडकीखाली बस आणि पदर नाकाला धर." आवाज कापत होता, पण थांबत नव्हता. मी आयुष्यभर मुलींना कुठं बसायचं ते सांगितलं. त्या दिवशी ती सांगेल तिथं बसले. बाहेर बांबू उचलताना त्या एक, दोन, तीन म्हणत होत्या. एकेक बांबू हलत होता आणि प्रत्येकाच्या मध्ये समृद्धी विचारत होती, "आत्या, आहेस ना?" मी म्हणत होते, "हाय."

दार उघडलं. उज्ज्वलाताईंनी मला उन्हात बसवून पाणी दिलं आणि विचारलं, आत कशा गेलात? मी म्हटलं, झाडू बघायला. निलोफरनं माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. तिला सगळं ठाऊक होतं, आणि ती माझ्यासाठी गप्प बसली.

खरी गोष्ट

त्या संध्याकाळी पहिली समृद्धी बोलली. ती उभी राहिली, कुणी सांगितलं नव्हतं तरी.

"आत्या झाडू बघायला गेली नव्हती," ती म्हणाली. "ती आमच्यावर पाळत ठेवते. माझी बॅग तिनं उघडली होती. घड्या बदलल्यात. ती घरी पण उघडते. मी कधी बोलले नाही."

कुणी हसलं नाही, कुणी माझ्याकडं वळूनही बघितलं नाही. मला उठून जाता आलं असतं. पण त्याच दुपारी याच मुलीनं मला बाहेर काढलं होतं. मी खांबाआडून पुढं आले आणि सगळं सांगितलं. दोन बॅगा, चिंधी, डब्यातला फोन, सुकुमारला दिलेला निरोप. निलोफरला म्हटलं, तुझ्याबद्दल मी फार वाईट विचार केला. ती म्हणाली, "मला माहीत होतं, काकू." एवढंच. चिंधी होडीची होती. सतारीच्या भोपळ्याला चीर गेली की तिचे वडील ती कशी बुजवतात, ते बघून बघून तिला फटी भरता येत होत्या. बाकीच्यांना तीच शिकवत होती.

मग मी उज्ज्वलाताईंना विचारलं की होडीचं मला का सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, तुम्ही विचारलं नाहीत.

"विचारलं असतं तर सांगितलं असतंत?"

"नाही," त्या म्हणाल्या. "मागं एका मुलीच्या वडिलांना होडीचं कळलं आणि ते तिला परत घेऊन गेले. तेव्हापासून मी आधी सांगत नाही. ते चुकतंय, हे मला कळतं."

म्हणजे माझा संशय अगदीच वाया गेला नव्हता. पोरींना पाण्यावर न्यायचं आणि आईबापाला कळू द्यायचं नाही, याला मी आजही बरोबर म्हणणार नाही. ते मी सगळ्यांसमोर तिथंच सांगितलं आणि त्यांनी ऐकून घेतलं.

सुकुमार येतो

बुधवारी अकराला सुकुमारची गाडी आली. धक्क्याची बातमी त्याला वाटेत कळली होती, त्यामुळं चेहरा उतरलेला. आल्या आल्या म्हणाला, "बॅग भर." समृद्धी जागची हलली नाही. तो माझ्याकडं वळला. "आक्का, तूच बोलवलंस न्हवं? आता का गप?"

मी म्हटलं, चुकून बोलावलं, पण होडीचं ऐकून मग ठरव. आणि सगळं सांगितलं. तो आणखी चिडला. आमच्या वडिलांच्या घरात कुणी पाण्यात पाय घातला नाही आणि ही होडीत बसणार? "बुडली म्हंजे?" तो म्हणाला.

उत्तर माझ्या ओठांवर होतं. ते गिळून मी समृद्धीकडं बघितलं. ती म्हणाली, "आप्पा, मला भीती वाटतीयच. जाकीट आहे. होडीला दोर बांधतात. सुंदरामावशींचे मालक बरोबर असतात. तुम्ही काठावर थांबा, पण मला नेऊ नका. ही होडी त्यांची आहे. ती मोडल्यापासून मावशींना पलीकडं माहेरी जाता आलेलं नाही. फळ्या मी भरल्यात. त्या टिकतात का, ते मला बघायचंय."

एवढं सलग बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. सुकुमारनंही नव्हतं. त्यानं गाडीची किल्ली खिशात टाकली आणि तो मुक्कामाला राहिला. डांबर वाळेपर्यंत तो रोज शेडमध्ये जाऊन एकेक फळी बोटानं दाबून बघत होता. संशय आमच्या घराण्यातच आहे.

शुक्रवारी सकाळी होडी पाण्यात ढकलली. पहिल्यांदा कोण बसणार, यावर उज्ज्वलाताई काही बोलायच्या आत मी म्हटलं, मी बसते. तिथं शौर्य काही नव्हतं. ज्या होडीत माझी पोरगी बसणार, ती मी आधी तपासणार होते. जाकीट घालून, डोळे गच्च मिटून, दोन्ही काठ धरून मी बसले. सुंदराबाईंचे मालक वल्हवत होते. थोडं आत गेलो तोच तळाशी पायाला ओल लागली, तसे डोळे उघडले. निलोफर माझ्यासमोर बसली होती. तिनं वाकून फटीवर अंगठा दाबला आणि शांतपणे म्हणाली, ही माझीच फट आहे. आम्ही परतलो. दुपारभर तिनं ती पुन्हा भरली.

संध्याकाळच्या आत समृद्धी होडीतून निघाली. दोर सुकुमारच्या हातात होता. त्यानं तो इतका आवळून धरला की होडी पुढं जाईना. "आप्पा, सोडा जरा," ती पाण्यातून म्हणाली. त्यानं वीतभर सोडला. मग आणखी वीतभर.

शनिवारी सकाळी सुंदराबाई नवं लुगडं नेसून, फडक्यात नाचणीच्या भाकऱ्या बांधून माहेरी निघाल्या. होडीत बसल्यावर त्यांनी पदर डोळ्याला लावला आणि पलीकडं पोचेपर्यंत मागं वळून बघितलं नाही.

परतीला

सुकुमार गाडीनं पुढं गेला. समृद्धीला निलोफरबरोबर एसटीनं यायचं होतं, म्हणून मीही तशीच आले. कराडच्या स्टँडवर समृद्धी पाच मिनिटांत येते म्हणून गेली आणि बॅगेला लावायचं पितळी कुलूप घेऊन आली. माझ्यासमोर, काही न लपवता, तिनं ते बॅगेला लावलं. मी खिडकीतून बाहेर उसाकडं बघत बसले.

कुलपाला दोन किल्ल्या होत्या. एक तिनं गळ्यातल्या दोऱ्यात ओवली. मिरज आली. निलोफरचे वडील गाडीखाली उभे होते. उतरताना समृद्धीनं दुसरी किल्ली तिच्या हातात दिली. ती मला मिळेल, असं मला मनातून वाटत होतं, हे लपवत नाही. लागलं जरा. मग वाटलं, निलोफरनं ती कमावली आहे.

तर बायांनो, शिबिराचं एवढंच. पाठवायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. होडीचं आधी विचारा, आणि ते नाही म्हणाले तर पाठवू नका. हो म्हणाले तर पोरीला विचारा.

घरी आल्यावर भावजयीनं कपडे धुवायला काढायला बॅग ओढली, तर कुलूप. समृद्धी मोरीत आंघोळीला गेलेली. सुकुमारनं कुलूप उलटंसुलटं करून बघितलं आणि मला म्हणाला, "आक्का, दुसरी किल्ली तुझ्याकडंच असंल की?"

"न्हाई," मी म्हटलं. "कुणाकडं हाय, ते ती आल्यावर तिला विचार."